बाईंचा पुठ्ठा

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे आला तो मराठीच्या बाईंचा पुठ्ठा. आमच्या वेळच्या मुलांना नुसतं 'बाई' म्हटलं की पुरतं. बाकीच्या शिक्षकांनी राग मानू नये, पण मी लिहिणार ते बाईंबद्दलच.

१९८३ साल, आठवी ब. नाताळसाठी वर्ग सजवायचा होता. मागच्या बाकांवर बांबूच्या कामट्या, घोटीव कागद, जिलेटीन आणि गव्हाच्या पिठाची खळ असा पसारा. चांदणी बांधता बांधता खोताच्या वाडीतला आमचा मित्र म्हणाला, "आमच्याकडे नातालला पपा याच्याहून मोठी बांधतात." 'नाताल' ऐकून वर्ग खिदळला. सगळ्यात मोठ्याने मी. तो ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचाच मूळचा ख्रिस्ती. घरी मराठीच बोलायचे, पण त्यांच्या बोलीत ळचा ल आणि णचा न. पाण्याला तो 'पानी' म्हणायचा. त्याची मान खाली गेली, हातातली कामटी तशीच राहिली.

बाई ओरडल्या नाहीत. फळ्यावर दोन शब्द लिहिले, नाताल आणि नाताळ. म्हणाल्या, "शब्द पोर्तुगीजांचा. १५३४ ते १७३९ वसई त्यांच्याकडे होती, तेव्हा तो इथे रुजला. त्यांच्या तोंडी शेवटी ल. ळ आपण लावला. मग मूळ शब्दाच्या जवळ कोण, तो की तुम्ही?" वर्ग चिडीचूप. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुझ्या हातातली फीत? तो शब्दही त्यांचाच गं." ती लाल सॅटिनची फीत मला अजून दिसते.

मग त्यांनी एक मोठा पुठ्ठा मागवला आणि सजावटीतल्या प्रत्येक वस्तूला कोणाच्या घरी काय म्हणतात ते ज्याचं त्याला लिहायला लावलं. धोबी तलावच्या गोव्याच्या मुलाने चांदणीपुढे 'नकेत्र' लिहिलं, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यापुढे 'गोठो'. वर्गात एक मल्याळी मुलगी होती, तिने लिहिलं 'पुल्कूडु'. पुल म्हणजे गवत, कूडु म्हणजे घरटं. बाळ येशूला गवताचं घरटं! बाई तो शब्द दोनदा उच्चारून बघत होत्या. कोणी 'मखर' म्हणालं. आमचं घर मालवणी, मी गोठ्यावर टांगायच्या फळापानांना 'माटवी' लिहिलं, गणपतीत आजी म्हणायची तसं. गोठ्यापुढे ठेवायला डब्याच्या झाकणात नाचणी पेरली होती. गोव्याच्या मुलाकडे दर वर्षी पेरत, आणि आमच्याकडे नवरात्रात घटाला तेच, 'रुजवण'. तोही शब्द पुठ्ठ्यावर गेला.

'गव्हाण' मात्र चाळीतल्या एकालाही सांगता येईना. बायबलात बाळाला गव्हाणीत ठेवलंय आणि आम्ही सगळे गोठा आणि गव्हाण एकच समजत होतो. शनिवारी शाळा सुटल्यावर बाई आम्हाला सी. पी. टँकजवळच्या पांजरापोळात घेऊन गेल्या. गाय ज्यात तोंड घालून चारा खात होती ती गव्हाण, असं त्यांनी हात लावून दाखवलं. आत ओलसर कडबा होता, कडेला गाईच्या जिभेने गुळगुळीत झालेलं लाकूड. खोताच्या वाडीतला मित्र त्यावरून बोट फिरवत म्हणाला, "इथे निजवला त्याला?"

मी आज मुद्रितशोधनाचं काम करते, सत्तावीस वर्षं झाली. दोन बोलीकोशांची मुद्रितं माझ्या हाताखालून गेली, याचा अभिमान आहे. लेखकाने घरचा शब्द लिहिला असेल तर त्यावर माझी लाल पेन्सिल चालत नाही. ती सवय बाईंची.

आता डिसेंबरात क्रॉफर्ड मार्केटात तयार प्लॅस्टिकच्या चांदण्या मिळतात, एका बटणावर लागतात. खळीचा वास नाही, बोटाला कामटीची कुसळं नाहीत. आपल्या शाळेत आठवीची तुकडीही एकच उरली म्हणतात. वाईट वाटतं.

महोत्सव समितीला एक विनंती. मराठीच्या खोलीतलं लाकडी कपाट अजून असेल तर खालच्या कप्प्यात बघा. बाई तो पुठ्ठा तिथेच ठेवायच्या, जुन्या नकाशांच्या मागे. सापडला तर मला कळवा, मी स्वतः न्यायला येईन. खोताच्या वाडीतल्या मित्रालाही बरोबर आणते. पहिली ओळ त्याच्या अक्षरात आहे, 'नाताल'.