मैदानावरून दिसलेलं मंडळ

शिस्त, मैदान आणि सर या विषयांवर बाकीचे लिहिणार आहेत, तू वकील आहेस तर संस्थेवर लिही, असं आपल्या सैनिकी शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेच्या संपादकांनी सांगितलं. म्हणजे जो विषय कोणालाच नको होता तो माझ्या वाट्याला आला. माझी तक्रार नाही. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात रोज उभा राहणारा माणूस मी, आणि त्या कार्यालयाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते याच शाळेत, आठवीत असताना.

त्याआधी व्यवस्थापक मंडळ म्हणजे आमच्या लेखी मैदानाच्या कडेला मांडलेल्या खुर्च्या. वार्षिक संचलनात ‘दाहिने देख’ झालं की माना वळायच्या आणि कोण कुठे बसलंय हे एका नजरेत कळायचं. मध्ये अध्यक्ष, उजवीकडे कमांडंट साहेब, डावीकडे सचिव, मग खजिनदार आणि टोकाला ज्यांचं नाव कोणालाच माहीत नसायचं असे दोन-तीन सदस्य. संस्थापक अध्यक्ष मात्र संचलन संपल्यावर रांगेतून फिरायचे आणि मुलांना बूट चावतात का ते विचारायचे. चावतात म्हणणाऱ्याला कवायतीचे निदेशक नंतर वेगळं बोलवायचे, त्यामुळे कोणाचेच बूट चावत नसत.

1995 साली राज्य सरकारनं प्रत्येक जिल्ह्यात एक सैनिकी शाळा काढायचं धोरण घेतलं, त्या लाटेत आपली शाळा उभी राहिली. साताऱ्याला 1961 मध्ये देशातली पहिली सैनिक स्कूल सुरू झाली, तिच्यामागे संरक्षण मंत्रालय आहे. आपल्यासारख्या शाळांच्या मागे असते एक नोंदणीकृत संस्था, तिची घटना म्हणजे नियमावली, तिचे आजीव सभासद आणि त्यांचे आपापसांतले संबंध. बाहेरच्यांना दोन्हीकडे गणवेश सारखाच दिसतो, पण चेकवर सही कोणाची, हा फरक फार मोठा असतो.

तो फरक आम्हाला कळला संस्थापक अध्यक्ष गेल्यावर. त्यांच्यामागे मंडळात दोन गट पडले. दोघांनी वेगवेगळ्या सर्वसाधारण सभा घेतल्या, दोघांनी नवं मंडळ निवडून आल्याचं जाहीर केलं. एका संचलनाला खुर्च्या मांडायच्या कशा यावर कार्यालयात एवढा खल झाला, की शेवटी फक्त पाहुण्यांची आणि कमांडंट साहेबांची खुर्ची मांडली गेली. आम्हाला त्यात गंमतच वाटली.

आता कायद्याचा एक परिच्छेद सहन करा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 22 प्रमाणे विश्वस्त, म्हणजे मंडळाचे सदस्य, बदलले की 90 दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तेव्हा या कायद्याच्या नावात ‘मुंबई’ होतं, आता ‘महाराष्ट्र’ आहे, कलम तेच. अर्जावर हरकत आली की चौकशी, पुरावे, उलटतपासणी आणि तारखा. अर्ज मंजूर होईपर्यंत परिशिष्ट 1 वर, म्हणजे त्या कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीत, जुनीच नावं राहतात, मग त्यातलं एखादं नाव स्वर्गवासी माणसाचं का असेना. बँक सहीदार बदलण्याआधी त्या परिशिष्टाची प्रमाणित प्रत मागते. दोन गटांचे दोन अर्ज एकमेकांविरुद्ध पडून राहिले, की संस्थेच्या खात्यात पैसे असूनही ते काढणारा हात नसतो.

साध्या शाळेत मंडळ भांडलं तर मुलं पाच वाजता घरी जातात. आमचं घर तिथेच होतं. शिक्षकांचे पगार अनुदानातून यायचे, त्यामुळे वर्ग चालू होते. वसतिगृह मात्र संस्थेच्या खर्चानं चालायचं. रेक्टर, आचारी, पहारेकरी, धोबी, मैदानावरचे माजी सैनिक निदेशक, या सगळ्यांचे पैसे त्या गोठलेल्या खात्यातून निघायचे. मंडळातला वाद कार्यालयातून निघून आधी मेसमध्ये पोचला आणि वर्गात सगळ्यात शेवटी आला. आजही वसतिगृह असलेल्या संस्थेचा वाद आला, की मी पक्षकाराला पहिला प्रश्न विचारतो तो मेसच्या उधारीचा. पक्षकाराला तो विषयांतर वाटतो.

वर्गापर्यंत वाद पोचला तो गणिताच्या सरांच्या निवृत्तीनं. नेमणूक शाळा समितीनं करायची, शाळा समिती कोणाची ते ठरेना, आणि शिक्षणाधिकारी वादातल्या नेमणुकीला मान्यता देईनात. एन.डी.ए.ला, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेला, बसणाऱ्या मुलांची गणिताशी शिक्षकाशिवाय गाठ पडली. भौतिकशास्त्राच्या मॅडमनी जादा तास घेतले. सुभेदार साहेब नकाशावाचन शिकवता शिकवता कोन आणि अंतरं अशी काही डोक्यात बसवायचे की त्रिकोणमितीला वेगळी भीती उरली नाही. त्यांना ‘साइन थीटा’ म्हणता येत नसे, उत्तर मात्र बरोबर यायचं.

या काळातले कमांडंट साहेब निवृत्त लेफ्टनंट कर्नल होते. दोन्ही सचिवांची परिपत्रकं त्यांच्याकडे यायची, बऱ्याचदा एकाच दिवशी आणि एकमेकांच्या विरुद्ध. ते दोन्हींवर ‘मिळाले’ लिहून तारीख टाकायचे आणि फाइलला लावायचे. फॉल-इनवर, म्हणजे मुलं रांगेत उभी असताना, त्यातलं एक अक्षर वाचलं गेलं नाही. एका सचिवांनी जाब विचारला तेव्हा ते म्हणाले, “मला एका सहीचा हुकूम कळतो. दोन सह्यांचा आला तर तोही कळेल.” ही गोष्ट मला हेडक्लार्क काकांनी पुढे कितीतरी वर्षांनी सांगितली. ती फाइल मी पाहिली आहे. वकील म्हणून सांगतो, तटस्थ राहिल्याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

वाद मिटला तो तडजोडीनं. दोन्ही बाजूंनी पुरसिस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, दिली, अर्ज मागे घेतले आणि सभासदांची यादी एकत्र बसून पक्की केली. त्या यादीवर नवी निवडणूक झाली. थकलेले पालकच दोन्ही घरांचे उंबरठे झिजवत होते, म्हणून हे घडलं. पालकांना संस्थेच्या घटनेत मताचा अधिकार नव्हता आणि आजही नाही. शिक्षक-पालक संघात ते असतात, सर्वसाधारण सभेत नसतात. मला हे चुकीचं वाटतं. ज्याचं मूल रात्रीही आपल्या ताब्यात आहे, त्याला सभेत निदान एक खुर्ची हवी.

सध्याच्या मंडळात मोठा बदल झाला आहे. संस्थापकांच्या पिढीतलं आता कोणी नाही, सैन्यातून निवृत्त झालेल्या एक वैद्यकीय अधिकारी मॅडम आल्या आहेत, आणि आपल्यातला एकजण आला आहे. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लगेच सूर निघाला, की आता बहुमत आपलं पाहिजे. माझा त्याला विरोध आहे. आपल्याला शाळा आवडते म्हणजे आपल्या वेळची शाळा आवडते. जुनं वसतिगृह पाडून नवीन बांधायचा विषय निघाला तेव्हा आग लागल्यावर बाहेर पडायला दुसरा जिना हवा की नको, यापेक्षा आपल्या खोलीचं काय होणार यावर जास्त बोललो आपण. मंडळात दोन-तीन माजी विद्यार्थी असावेत, पण त्यांच्या कामाला मुदत असावी. सगळ्यांची मुदत एकाच वर्षी संपू नये, म्हणजे जुन्या कागदांची माहिती असलेलं कोणीतरी खोलीत राहतं.

मंडळासमोर आणखी एक प्रश्न आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं खासगी संस्था आणि राज्यांच्या भागीदारीतून 100 नव्या सैनिक स्कूलची योजना मंजूर केली, मार्च 2022 मध्ये त्यातल्या 21 शाळांना मान्यता मिळाली. आपण अर्ज करायचा का, यावर मंडळात दोन मतं आहेत. न करण्याच्या बाजूचं म्हणणं असं, की दिल्लीच्या सैनिक स्कूल सोसायटीचे, म्हणजे संरक्षण मंत्रालयाखालच्या संस्थेचे, नियम आले की आपली मोकळीक जाईल. ती कोणती मोकळीक, हे मी आठवी आणि नववीत पाहिलेलं आहे, त्यामुळे बाहेरचा तपासणीस आला तर मला आनंदच होईल. काळजी आहे ती फीची आणि जवळपासच्या गावांतून येणाऱ्या मुलांच्या जागांची, आणि त्या दोन्हींचं उत्तर आकडे मांडूनच द्यावं लागेल.

निर्णय काहीही होवो, घेणार सर्वसाधारण सभा, आणि सभेत मत सभासदाला. मी हाताळलेले संस्थांचे बहुतेक वाद सभासद नोंदवहीपाशी सुरू झाले आहेत: नाव आहे पण पावती नाही, पावती आहे पण ठराव नाही. महोत्सवाला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी सभासदत्वाचा फॉर्म कार्यालयात ठेवला आहे. हेडक्लार्क काका निवृत्त झाले असले तरी त्या दोन दिवशी मुद्दाम टेबलावर बसणार आहेत. वर्गणी भरा, पावतीवर तारीख आणि अनुक्रमांक आहे का ते तिथेच तपासा, आणि तुमचा प्रवेश ज्या सभेत मंजूर होईल तिच्या ठरावाची प्रत मागून घ्या. काका कुरकुर करतील, पण देतील.