तुम्ही विचारलंत म्हणून: घरी बास वाजवण्यासाठी किती वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प घ्यावा?

बास गिटार वाजवणाऱ्या ओळखीच्या मंडळींकडून मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा आहे: घरी, एका खोलीत, शेजाऱ्यांना त्रास न देता वाजवायचे आहे, पण आवाज व्हॉल्व्हचाच, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या निर्वात नळ्यांचाच, हवा आहे, तर ५ वॉटचा ॲम्प घ्यावा, १५ वॉटचा की ३० वॉटचा? विचारणाऱ्याच्या मनात एक हिशेब आधीच होऊन गेलेला असतो. व्हॉल्व्ह ॲम्पची गोडी तो ताणून चालवला की येते, घरात मोठा ॲम्प ताणता येत नाही, म्हणून वॉट जितके कमी तितके घरासाठी बरे. गिटारच्या बाबतीत हा हिशेब बऱ्याच अंशी खरा ठरतो. बासच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्याचा फटका मला स्वतःला बसलेला असल्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

माझा पहिला व्हॉल्व्ह ॲम्प ५ वॉटचा होता. शेवटच्या टप्प्यात ईएल८४ जातीचा एकच व्हॉल्व्ह, लहानसे खोके, आणि दिसायला अतिशय देखणा. वरच्या जी तारेवर तो इतका गोड वाजे की पहिले दोन दिवस मी खाली उतरलोच नाही. मग ए तारेवर आलो, तेव्हा सूर थोडा पातळ वाटला. मोकळी ई तार छेडली, तेव्हा बोटाचा आघात ऐकू आला, वरच्या सप्तकातला ई ऐकू आला, पण ज्या सुरासाठी तार छेडली तो खर्ज मात्र कुठेच नव्हता. आवाज वाढवला तर सूर भरण्याऐवजी फाटू लागला. मी स्पीकरला दोष दिला आणि तो ॲम्प मोठ्या कॅबिनेटला जोडून पाहिला. फरक पडला, पण फार थोडा.

शेवटी ॲम्प दुरुस्त करणाऱ्या एका जाणकाराकडे गेलो. त्यांनी काही न बोलता दोन आउटपुट ट्रान्सफॉर्मर माझ्या हातात ठेवले. एक माझ्या ॲम्पमध्ये होता तसा, जो मुठीत मावत होता. दुसरा एका जुन्या ३० वॉटच्या बास ॲम्पमधून काढलेला, जो एका हाताने धरल्यावर मनगट खाली जात होते. माझ्या प्रश्नाचे उत्तर त्या दोन वजनांत होते, आणि आजही मी वॉटचा आकडा वाचण्याआधी ट्रान्सफॉर्मर पाहतो.

त्याचे कारण समजून घेणे अवघड नाही. व्हॉल्व्ह मोठ्या व्होल्टेजवर आणि थोड्या करंटवर काम करतो; स्पीकरला नेमके उलट हवे असते. या दोघांमधला दुभाषा म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. त्याच्या लोखंडी गाभ्याला चुंबकत्व पेलण्याची एक मर्यादा असते आणि सूर जितका खालचा तितका तो गाभा अधिक भरतो. गिटारच्या सर्वांत खालच्या ई तारेची कंपने सेकंदाला ८२.४, म्हणजे ८२.४ हर्ट्झ, बासच्या ई तारेची त्याच्या बरोबर निम्मी, ४१.२ हर्ट्झ. कंपने निम्मी झाली की तेवढ्याच व्होल्टेजला गाभ्यातले चुंबकत्व दुप्पट होते. म्हणजे मर्यादा सांभाळायची तर व्होल्टेज निम्मे करावे लागते, आणि व्होल्टेज निम्मे म्हणजे शक्ती एक चतुर्थांश. जो गाभा गिटारच्या खालच्या ई सुराला १६ वॉट सुखाने पेलतो, तोच बासच्या ई सुराला ४ वॉटवर थकतो. खोक्यावर छापलेला वॉटचा आकडा बहुतेक वेळा मधल्या कुठल्या तरी सुरावर मोजलेला असतो, आणि तो खर्जाबद्दल काहीच सांगत नाही.

एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये आणखी एक अडचण असते. त्या व्हॉल्व्हमधून सतत वाहणारा करंट ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून एकाच दिशेने जात राहतो आणि संगीत सुरू होण्याआधीच लोखंडाची काही कुवत खाऊन टाकतो. त्यावर उपाय म्हणून गाभ्यात मुद्दाम फट ठेवतात, पण त्या फटीमुळे खालचे सूर धरून ठेवण्याची ट्रान्सफॉर्मरची ताकद कमी होते. दोन व्हॉल्व्ह आलटून पालटून ओढणाऱ्या, म्हणजे पुश-पुल पद्धतीच्या रचनेत हे दोन करंट एकमेकांच्या विरुद्ध वाहून परस्परांचा परिणाम पुसून टाकतात आणि लोखंड जवळजवळ पूर्णपणे संगीतासाठी मोकळे राहते. एका व्हॉल्व्हचा उत्तम बास ॲम्प बांधता येणारच नाही असे मी म्हणणार नाही, पण त्याला इतके मोठे लोखंड लागते की सहसा कोणी तो बांधत नाही. म्हणून बाससाठी आउटपुटला किमान दोन व्हॉल्व्ह, हे माझे ठाम मत आहे.

आता वॉटकडे येऊ. वॉट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही. तो फक्त ३ डेसिबलने वाढतो, जो फरक कानाला कळतो पण नजरेत भरावा तसा भरत नाही. कानाला दुप्पट वाटावा इतका आवाज हवा असेल तर साधारण दहापट वॉट लागतात. त्यामुळे १५ की ३० हा प्रश्न वाटतो तितका मोठा नाही. समजा तुमचा स्पीकर १ वॉटला १ मीटरवर ९७ डेसिबल आवाज देतो. तर १५ वॉटला तो सुमारे १०९ डेसिबलपर्यंत जाईल, आणि घरातल्या खोलीत इतका आवाज कोणी करू नये. उलट बाजूने पाहिले तर ७७ डेसिबलच्या आसपास, म्हणजे मोठ्याने चाललेल्या बोलण्यापेक्षा थोड्या वरच्या आवाजात वाजवताना, हा स्पीकर वॉटचा फक्त शंभरावा भाग खातो.

हे वाचून पुष्कळ जण म्हणतात, मग तर ५ वॉटही जास्तच झाले. इथेच बास वेगळा पडतो. दिवसाढवळ्या थोडे मोकळेपणाने, ८७ डेसिबलला वाजवायचे धरा: लागला वॉटचा दहावा भाग. पण आपला कान खालच्या सुरांना मंद आहे. १००० हर्ट्झचा जो सूर शून्याच्या आसपास डेसिबलला ऐकू येऊ लागतो, तिथे ४० हर्ट्झचा सूर नुसता ऐकू येण्यासाठी ५० च्या आसपास डेसिबल लागतात. म्हणून कमी आवाजात वाजवताना खर्ज हरवल्यासारखा वाटतो आणि हात आपोआप बासच्या बटणाकडे जातो. तिथे १० डेसिबल वाढवले की खालच्या सुरांना लागणारी शक्ती दहापट होते: झाला पूर्ण १ वॉट. त्यात बोटाने तार छेडल्याचा पहिला आघात सुराच्या सरासरी पातळीपेक्षा सहज १० डेसिबल वर जातो: झाले १० वॉट, आणि तेही नेमके त्या सुरांना जिथे लहान ट्रान्सफॉर्मर आधीच थकलेला असतो. १५ ते ३० वॉट हा माझा नेहमीचा सल्ला या बेरजेतून येतो.

याचा एक परिणाम मान्य करावा लागतो. ज्या ताणलेल्या, किंचित भरडलेल्या आवाजासाठी लोक कमी वॉटचा ॲम्प शोधतात, तो आउटपुट व्हॉल्व्ह ताणून मिळवायचा तर १५ वॉटलाही घर हादरेल. घरच्या आवाजात ती चव प्रीॲम्पच्या, म्हणजे ॲम्पच्या सुरुवातीच्या टप्प्याच्या, १२एएक्स७ सारख्या छोट्या व्हॉल्व्हमधून येते, आणि त्यासाठी ॲम्पला गेन (प्रीॲम्प किती ताणायचा ते) आणि मास्टर (शेवटी किती आवाज बाहेर सोडायचा ते) अशी दोन वेगळी बटणे असावी लागतात. गेन थोडा चढवून मास्टर खाली ठेवला की मूळ सुरावर त्याचे वरचे स्वर दाटून येतात. तंबोऱ्याची जवारी नीट लागली की एका तारेतून अनेक स्वर फुलतात, त्याच जातीचे हे काम आहे. आणि कान असा आहे की वरचे स्वर नीट मिळाले तर खालचा मूळ सूर दुबळा असला तरी तो मनाने भरून घेतो. कमी आवाजात व्हॉल्व्हचा बास भरदार वाटतो त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

एवढ्या थोड्या वॉटमध्ये खरेच भागते का, ही शंका घेणाऱ्यांना मी जुना दाखला देतो. फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बास आणला आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी बासमन ॲम्प आणला. पुढे गिटारवाल्यांनीच तो उचलून आपलासा केला, ही गोष्ट निराळी. अँपेगचा बी-१५ हा १९६० सालचा ॲम्प २५ वॉटचा होता: दोन ६एल६ व्हॉल्व्ह, १५ इंची एकच स्पीकर, आणि काम झाले की उलटून कॅबिनेटच्या पोटात बसणारा वरचा भाग. कित्येक वर्षे स्टुडिओंमध्ये बाससाठी हाच ॲम्प हवा असे. ३०० वॉटचा एसव्हीटी १९६९ मध्ये आला, तो मोठ्या रंगमंचांवर गिटारच्या भिंतींना पुरे पडण्यासाठी. आज ज्याला आपण कमी वॉटचा म्हणतो, तो एकेकाळी पुरा ॲम्प होता.

स्पीकरकडे मात्र वॉटपेक्षा जास्त लक्ष द्यावे. ९४ डेसिबलचा स्पीकर बदलून ९७ डेसिबलचा लावणे म्हणजे ॲम्पचे वॉट दुप्पट करणेच आहे, आणि ते व्हॉल्व्ह न बदलता होते. गिटारचा स्पीकर बाससाठी वापरू नये. त्याचा कागद पुढे-मागे फार थोडा हलण्यासाठी बांधलेला असतो आणि ई तारेचा जोर त्याला सोसत नाही. लहान खोलीसाठी मला पूर्ण बंद कॅबिनेट आवडते. छिद्राच्या कॅबिनेटपेक्षा त्याचा खर्ज हळूहळू ओसरतो, आणि जे कमी पडते ते भिंतींच्या जवळिकीने खोली स्वतःच भरून काढते.

खोली हा विषय पुष्कळ जण विसरतात. समोरासमोरच्या दोन भिंतींत ४ मीटर अंतर असेल, तर ४३ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्या खोलीत घुमू लागतो, आणि तो सूर म्हणजे ई तारेवरच्या पहिल्या फ्रेटचा एफ. ई शांत, एफ्‌ शार्प शांत, आणि मधला एफ वाजवला की कपाटाची काच थरथरते. हा ॲम्पचा दोष नाही आणि तो ॲम्प बदलून जात नाही. ॲम्प कोपऱ्यातून हातभर बाहेर ओढावा, आणि जमिनीवर ठेवण्याऐवजी जाड फोमवर किंवा भक्कम स्टुलावर ठेवावा. खालच्या घरात पोचणारा बराचसा आवाज हवेतून नव्हे, फरशीतून जातो.

विकत घेण्यापूर्वी स्वतःचा बास घेऊन जावे. बासचे बटण मध्यावर ठेवून मोकळी ई तार छेडावी आणि सूर विझेपर्यंत ऐकावी. मग तितक्याच जोराने सातव्या फ्रेटवर ए तारेचा ई वाजवावा. वरचा ई भरदार आणि खालचा नुसता टणत्कार असेल, तर आतले लोखंड कमी आहे. जिथे ट्रान्सफॉर्मर असतात त्या बाजूने ॲम्प उचलून पाहावा. हलका बास ॲम्प ही घरी नेताना सोय असते, वाजवताना नसते. मग काहीही न वाजवता, व्हॉल्यूम शून्यावर आणून, स्पीकरजवळ कान न्यावा. घरच्या शांततेत घरघर फार जाणवते. शून्यावरही ती तशीच राहिली, तर ती पॉवर सप्लायची आहे, आणि जुन्या ॲम्पमध्ये त्याचा अर्थ बहुतेक वेळा फिल्टर कपॅसिटर थकले असा असतो. व्हॉल्यूमबरोबर ती वाढत असेल, तर दोष सुरुवातीच्या, प्रीॲम्पच्या टप्प्यात आहे, कदाचित एखाद्या व्हॉल्व्हमध्ये. पेन्सिलच्या टोकाने प्रीॲम्पच्या व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारली आणि स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला, तर तो व्हॉल्व्ह बदलायचा.

दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगतो. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प कधीही चालवू नये, आणि जोडलेल्या स्पीकरचे ओहम ॲम्पच्या मागच्या खुणेशी जुळवून घ्यावेत; भाराविना वाजवलेल्या ॲम्पमध्ये ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि वर मी ज्याचे एवढे गुणगान केले ती वस्तू तीच आहे. दुसरे, आतमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहतात. झाकण उघडण्याचे काम जाणकाराचे आहे.

रात्री हेडफोनवर वाजवण्यासाठी व्हॉल्व्ह ॲम्प घेऊ नये. त्यासाठी वेगळे छोटे यंत्र घ्यावे.

मी स्वतः काय वाजवतो, हेही विचारले जाते. दोन ६व्ही६ व्हॉल्व्हचा, १५ वॉटच्या आसपासचा ॲम्प आणि १२ इंची एकाच स्पीकरचे बंद कॅबिनेट. गेन अर्ध्याच्या थोडा वर असतो, मास्टर पाव भागाच्या पुढे क्वचितच जातो. चालू केल्यावर व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो, तेवढ्यात मी तारा जुळवून घेतो, आणि पहिला सूर नेहमी मोकळ्या ई तारेचा छेडतो. तो आता पूर्ण ऐकू येतो.