पट्टीवरचा भाव

एआयएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याकडे जमलेल्या वर्षभराच्या व्यवहारांच्या तक्त्यात, उलाढाल दिसत होती ४ कोटी २५ लाख. भरलेल्या रिटर्नमध्ये ११ लाख ८० हजार. वर्ष एकच, २०२३-२४. पॅनही एकच. हा फरक कशामुळे ते कागदपत्रांसह कळवा, एवढंच प्राप्तिकर खात्याच्या ई-व्हेरिफिकेशनच्या पत्रात विचारलं होतं.

अण्णा समोर बसले होते. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांचं बेदाण्याचं अडत दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. रिटर्न आजवर दुसरीकडून भरलं जायचं. पत्र आल्यावर तिथून ‘बघू, करू’च्या पुढे काही निघेना, म्हणून मुलगा त्यांना विश्रामबागेत माझ्या सीएच्या ऑफिसात घेऊन आला होता.

“मॅडम, माल शेतकऱ्याचा, घेणारा व्यापारी. मी मधला. लग्नात वाढप्या म्हणून उभारलो तर अख्ख्या जेवणाचं बिल माझ्या नावावर कसं काय?”

प्रश्न बिनतोड होता. पण खात्यासमोर तो असा मांडून चालत नाही. कागद लागतो.

रिटर्न उघडलं आणि पहिलाच खडा दाताखाली आला. ४४एडी. म्हणजे लहान धंद्यानं वह्या न दाखवता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर अंदाजे नफा धरायची सोय. ११ लाख ८० हजार अडत, म्हणजे कमिशन, त्यावर अंदाजे नफा ४ लाख ७० हजार, नव्या करप्रणालीतली त्या वर्षीची ७ लाखांपर्यंतची सूट, कर शून्य. दिसायला छान. पण ज्याचं उत्पन्न कमिशन किंवा दलालीचं आहे, जो एजन्सीचा धंदा करतो, त्याला ४४एडी मिळतच नाही. त्याच कलमाच्या सहाव्या पोटकलमात तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. धंदा लहान दिसला की ४४एडी लावून मोकळं व्हायचं, ही आमच्या व्यवसायातली जुनी खोड आहे. २ कोटींची मर्यादा सगळ्यांना पाठ, रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असली तर ३ कोटी हेही पाठ, आठ टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के हे तर झोपेतही सांगतील. कोणाला लागू नाही, ते वाचायचा मात्र कंटाळा. विमा एजंटांची अशी रिटर्नं दरवर्षी माझ्याकडे येतात.

पण ती दुसरी भानगड. आधी ठरवायचं होतं, की अण्णा नक्की कोण? कच्चे अडत्ये की पक्के?

प्राप्तिकरात हा प्रश्न फार जुना आहे. १७ मार्च १९८६ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं परिपत्रक क्रमांक ४५२ काढलं, ते अजून आमच्या कामाला येतं. कच्चा अडत्या हा नुसता एजंट. त्याची उलाढाल म्हणजे त्याची अडत. शेतकऱ्याच्या मालाची विक्री तीत धरायची नाही. पक्का अडत्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जोखमीवर व्यवहार करतो, त्याची उलाढाल म्हणजे पूर्ण विक्री. आणि दोघांना ओळखायचं कसं, याच्या खुणाही परिपत्रकात दिल्या आहेत: मालावर ताबा कोणाचा, नफातोटा कोणाचा, माल कोणी घेतला ते माल देणाऱ्याला सांगितलं जातं का, अडतीपलीकडे काही सुटतं का.

मुलानं मोबाइलवर हिशोब सुरू केला होता. “पक्का धरलं तर किती?”

सांगणं भाग होतं. ऑडिट करायला हवं होतं आणि केलं नाही, म्हणून २७१बी खाली दंड: उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, यातलं जे कमी ते. इथे दीड लाख. वर अधिकाऱ्यानं आठ टक्क्यांच्या हिशोबानं नफा धरायचा म्हटलं तर ३४ लाख. त्यावरचा कर वेगळाच.

“चौतीस लाख?” अण्णा हसले. खरं हसले. “एवढं मिळालं असतं तर तुमच्याकडं आलो असतो व्हय?”

आता अण्णांच्या विरोधात काय काय जाऊ शकतं, ते मी कागदावर मांडायला घेतलं. पहिलं जीएसटी. बेदाण्यावर ५ टक्के कर आहे आणि व्यापाऱ्याला बिल अण्णांच्या दुकानाच्या नावानं जातं. ज्याच्या नावानं बिल तो जीएसटीत पुरवठादार, हे सप्टेंबर २०१८ च्या ५७ क्रमांकाच्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. म्हणून जीएसटीच्या रिटर्नमध्ये, जीएसटीआर-३बीत, पूर्ण विक्री येते आणि तिथून ती उचलून एआयएसमध्ये. (डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेनं शेतकऱ्यानं विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी नाही असा खुलासा केला, तेव्हापासून निम्मं यार्ड मला विचारतंय की मग बेदाण्यावरचा कर गेला का. नाही गेला. शेतकऱ्याला नाही; पुढे व्यापारी विकतो त्याला आहेच.)

दुसरं, रोख रक्कम. वर्षात चालू खात्यातून एक कोटीच्या वर रोख काढलेली. एरवी कोटीच्या वरच्या रकमेवर १९४एन खाली बँक दोन टक्के टीडीएस कापते. बाजार समितीत नोंदणी असलेल्या अडत्यांना आणि व्यापाऱ्यांना सप्टेंबर २०१९ च्या अधिसूचनेनं त्यातून सूट आहे, पण बँकेला लेखी द्यावं लागतं. अण्णांच्या मुलानं तसं दिलं होतं, आणि त्यात छापील वाक्य होतं: शेतमालाच्या खरेदीपोटी शेतकऱ्यांना पैसे देण्यासाठी. खाली सही, दुकानाचा शिक्का. उद्या अधिकारी म्हणेल, तुम्हीच बँकेला खरेदी केल्याचं लिहून दिलंय.

तिसरं त्याहून नाजूक. व्यापाऱ्यानं पैसे थकवले तरी अण्णा शेतकऱ्याला पैसे देतात.

“द्यावंच लागतं मॅडम. व्यापारी पळाला म्हणून शेतकऱ्याला काय सांगू? पुढच्या साली तो माझ्या दारात येईल का?”

पण तोटा अडत्यानं सोसला, तर तो एजंट कसला? याला उत्तर आहे. घेणाऱ्याच्या पैशाची हमी घेणारा एजंट हा हमीदार एजंट असतो, मालक नव्हे. फक्त हे उत्तर उभं राहायला खाली भक्कम कागद हवा. तो कागद म्हणजे पट्टी, शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब लिहून त्याला दिलेली चिठ्ठी.

बाकी गिऱ्हाइकांच्या ऑडिटची मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढली असल्यामुळे हातातलं काम थोडं बाजूला सारता येत होतं. म्हटलं, चला, दुकानातच बसू.

दिवाळी तोंडावर आली की यार्डात बेदाण्याचे सौदे बंद होतात. ‘झिरो पेमेंट’चा काळ. मागची सगळी देणीघेणी शून्यावर आणायची आणि मगच पुढचे सौदे. त्यामुळे दुकानात बोली नव्हती, पेट्या नव्हत्या, पण पैसे न्यायला आलेले शेतकरी बाकावर बसून होते आणि दिवाणजींचा फोन खाली राहत नव्हता. “सोमवारी नक्की सोडतो म्हणालाय,” हे वाक्य मी तिथे असेपर्यंत वेगवेगळ्या व्यापाऱ्यांच्या नावानं ऐकलं.

दिवाणजींनी २०२३-२४ च्या पट्ट्यांची बुकं काढली. शेतकऱ्याचं नाव, गाव, लॉट, पंधरा किलोच्या पेट्या, वजन, भाव, हमाली, तोलाई, आणि कोपऱ्यात घेणाऱ्याच्या पेढीचं नाव. ते नाव बघून मला बरं वाटलं. माल कोणाला गेला ते शेतकऱ्याला सांगितलं जातं, ही कच्च्या अडतीची ठळक खूण. पण माझी खरी तपासणी वेगळी होती. पट्टीवर शेतकऱ्याला दिलेला भाव आणि व्यापाऱ्याच्या बिलावरचा भाव, लॉटागणिक, जुळतो का? अडतीशिवाय एक रुपयाही मध्ये राहत नसेल, तर अण्णांचं वाढप्याचं म्हणणं खरं. राहत असेल, तर नाही.

मुलगा बिलं वाचत होता, दिवाणजी पट्ट्या. मी लॅपटॉपवर दोन रकाने भरत होते. एकशे बेचाळीस, एकशे बेचाळीस. एकशे अठरा, एकशे अठरा. काळा बेदाणा, सत्तर, सत्तर. तारीखही तीच किंवा दुसऱ्या दिवशीची. जुळण्यासारखं सुख आमच्या धंद्यात दुसरं नाही. चहा दोनदा आला.

मग दिवाणजी म्हणाले, “हे जाऊ दे, पुढचं घ्या.”

“का जाऊ दे?”

“ते घरातलं आहे.”

ती पट्टी मी मागून घेतली. भाव १३२. घेणाऱ्याच्या पेढीची जागा मोकळी. अडतीचा रकाना कोरा. बिल शोधलं तर ते पाच महिन्यांनंतरचं, भाव १५८. मधल्या काळात माल कोल्ड स्टोरेजला होता, भाड्याची पावती अण्णांच्या दुकानाच्या नावानं. अशा पट्ट्या बुकात अधूनमधून होत्या. सगळ्या वेगळ्या काढल्या. वर्षभरात त्या मालाची विक्री ३८ लाखांवर गेली.

अण्णा जराही वरमले नाहीत. “अहो, तो काय धंदा न्हाय. एकाच्या पोरीचं लगीन होतं, एकाला बँकेचा हप्ता भरायचा होता. सौद्यात भाव पडलेला. व्यापारी उचलंना. मी म्हटलं, दे, मी ठेवतो. अडलेल्या माणसाला मदत केली.”

“मदत केली हे खरंच. भाडं, विमा, व्याज वजा करून तुम्हाला सुटलेत ३ लाख ६० हजार. तेही खरंच.”

बाकावरचा एक शेतकरी ऐकत होता. तो म्हणाला, “अण्णांनी घेतला म्हणून त्या साली निभावलं माझं.” त्याला आमच्या हिशोबाशी देणंघेणं नव्हतं. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की साक्षीदारच मिळाला. मिळाला होताही, फक्त माझ्या बाजूनं: माल अण्णांनी स्वतः घेतला, याचा.

म्हणजे एकाच दुकानात, एकाच शिक्क्याखाली दोन धंदे. ३ कोटी ८७ लाखांच्या मालात अण्णा कच्चे अडत्ये, तिथे उलाढाल फक्त अडत. उरलेल्या ३८ लाखांत ते सरळ व्यापारी. दोन्ही मिळून प्राप्तिकराच्या नजरेत उलाढाल ४९ लाख ८० हजार. एक कोटीच्या आत, म्हणून ऑडिट नाही. पण मुलानं लगेच विचारलं तसं, ३८ लाखांवर तरी आठ टक्के लावता येतील का, तर तेही नाही. ४४एडीची बंदी माणसाला आहे. एजन्सीचा धंदा करणाऱ्याला शेजारच्या धंद्यासाठीही ती सोय उघडत नाही. वह्यांवरून खरा नफा काढायचा. अडतीतून दिवाणजींचा पगार, दुकानाचा खर्च वगैरे जाऊन ६ लाख ९०, व्यापाराचे ३ लाख ६०. एकूण साडेदहा लाख.

आता उपाय. चूक झाली आहे हे मान्य करून अद्ययावत रिटर्न भरायची सोय आहे. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत भरलं, तर कर अधिक व्याजावर पंचवीस टक्के जादा. पुढे तो बोजा पन्नास, साठ, सत्तर टक्क्यांपर्यंत चढत जातो. अण्णांसाठी पंचवीस टक्क्यांची मुदत मार्च २०२६ पर्यंत होती. साडेदहा लाखांवर उपकरासह कर ७० हजार २००, त्यावर व्याज, त्यावर पंचवीस टक्के. सगळं मिळून १ लाख ९ हजारांच्या आसपास.

अण्णा गप्प बसले. मग म्हणाले, “घरातल्या मालाचं नाही दाखवलं तर? चार कोटीत अडतीस लाख कोणाला दिसतंय?”

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. गिऱ्हाईक विचारणारच, त्यात मला वावगं वाटत नाही. मी सांगितलं, की माझं सगळं उत्तर लॉटागणिक जुळणाऱ्या भावावर उभं आहे. अधिकाऱ्यानं नमुन्याला चार पट्ट्या मागितल्या आणि त्यात ही १३२-१५८ वाली निघाली, तर बाकीच्या पावणेचार कोटींवरही तो विश्वास ठेवणार नाही. आणि ते नको असेल तर मी सही करणार नाही, दुसरं कोणी बघा.

मुलगाच म्हणाला, “भरूया अण्णा.” बापानं मान हलवली, पण तोंड वाकडं करूनच.

उत्तर लिहायला रात्र झाली. प्रत्येक लॉटचा तक्ता: पट्टी क्रमांक, बिल क्रमांक, दोन्हीकडचा भाव, घेणारी पेढी, शेतकऱ्याला पैसे दिल्याची नोंद, अडत. सोबत परिपत्रक ४५२. जीएसटीची उलाढाल आणि प्राप्तिकराची उलाढाल एकच असलीच पाहिजे असं नाही, याचा एक परिच्छेद. मुलानं बँकेला लिहून दिलेल्या दाखल्याबद्दल, की सूट देणाऱ्या अधिसूचनेतच अडत्याचा उल्लेख आहे आणि दाखल्याचं वाक्य त्या अधिसूचनेवरूनच घेतलेलं आहे. एवढ्यावरून कोणी खरेदीदार ठरत नाही. आणि शेवटी ३८ लाखांचा वेगळा तक्ता, अद्ययावत रिटर्नच्या पोचपावतीसह. हा तक्ता न मागता जोडला, तो मुद्दाम.

पुढे काही दिवसांनी पोर्टलवर प्रकरण बंद झाल्याचं दिसलं. दुकानात आता घरातल्या मालासाठी वेगळं बिलबुक आहे, वेगळं खरेदी खातं आहे. दिवाणजी कुरकुरतात, पण लिहितात. चालू वर्षाचा आगाऊ करही भरला. अण्णा त्याला अजून ‘मॅडमचा दंड’ म्हणतात.

दिवाळीनंतर यार्डातल्याच आणखी एका अडत दुकानदाराचा फोन आला. तसंच पत्र, तोच फरक, आकडा तेवढा मोठा.

मी विचारलं, “पट्टीवर घेणाऱ्याचं नाव असतं का?”

“असतं की. अगदी न चुकता.”

“आणि भाव?”

पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग प्रश्नच आला.

“कुठला भाव, मॅडम?”