माइनक्राफ्टचे दोन दिवस

लातूरला एप्रिल-मेमध्ये सकाळी अकरानंतर लेकरांना बाहेर सोडता येत नाही. पारा चाळिशी ओलांडतो, गच्चीवर पाय ठेववत नाही. त्यामुळे मुलांचा गेमचा वेळ आटोक्यात आणायचं ठरवलं तेव्हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न दुपारचाच होता. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला लॅपटॉपवर माइनक्राफ्ट हवं, म्हणजे खणून-बांधून आपलं जग उभारायचा गेम. मुलगी पाचची, तिला मोबाइलवर कार्टून.

इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना २ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगते, ५ ते १० वयासाठी दोन तासांच्या आत. हा आकडा मला पटला. पण आकडा ठरवून भागत नाही, खेळ थांबवायचा कसा हे ठरवावं लागतं. चाळीस मिनिटांचा गजर वाजला की रोज रडारड व्हायची.

म्हणून मी त्याच्या शेजारी बसून खेळ नीट पाहिला. माइनक्राफ्टमधला एक अख्खा दिवस, रात्रीसकट, आपल्या वीस मिनिटांचा असतो. अंधार पडला की झोंबी, क्रीपर असे राक्षस बाहेर येतात. खेळाडू मेला तर जवळचं सगळं सामान तिथेच पडतं आणि पाच मिनिटांत जाऊन उचललं नाही तर नाहीसं होतं. आमचा गजर नेमका अशा वेळी वाजायचा. तासभर खणून आणलेलं लोखंड जमिनीवर पडलेलं असताना उठ म्हटलं तर लेकरू रडणारच. ते मला हट्टाचं रडणं वाटलं नाही.

मग घड्याळ बाजूला ठेवून नियम केला: खेळातले दोन दिवस. सूर्य उगवला की सुरुवात, दुसरी रात्र सरून सूर्य वर आला की बंद. चाळीस मिनिटंच झाली, पण थांबायची जागा त्याला दिसू लागली. खेळात पलंगावर झोपलं की रात्र लगेच सरते, म्हणजे वेळ कमी होतो, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने झोपणंच सोडलं. पण खेळातले तीन दिवस झोप नाही घेतली की फँटम नावाचे उडते राक्षस आकाशातून हल्ला करतात, म्हणून अधूनमधून झोपावंच लागतं. ते त्याचं तो ठरवतो, मी मध्ये पडत नाही. विंडोजवर त्याचं वेगळं खाते उघडून मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीमध्ये एक तासाची मर्यादा घातली आहे, ती निव्वळ वरची भिंत म्हणून.

धाकटीचं जास्त अवघड गेलं, कारण कार्टूनला शेवटच नसतो. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू. यूट्यूब किड्समध्ये टायमर आहे, तो लावला, आपोआप पुढचा व्हिडिओ लागणं बंद केलं. माझ्या मोबाइलचं जमलं, पण सासूबाईंचा मोबाइल उघडाच होता. जेवताना त्या तिला लावून द्यायच्या. मी बोलले तर म्हणाल्या, "अगं, लेकरू रडायलंय. दोन घास जास्त जातात, दे की."

"आई, ती घास बघतच नाही, पोट भरलेलं तिला कळत नाही," मी म्हटलं. त्यांना लगेच पटलं नाही. यांनी समजावलं तेव्हा त्यांनी फोनला पॅटर्न लावू दिला. पुढे काही दिवस ती खरंच कमी जेवली आणि त्या काळात घरात फार ताण होता. नंतर भूक लागली की स्वतःहून भाकरी-दूध मागू लागली. हे करताना घरातल्या सगळ्यांचं एकमत आधी करून घ्या, ॲप नंतर टाका, एवढं मी कळकळीने सांगेन.

गेमची वेळ आम्ही मुद्दाम रणरणत्या दुपारी ठेवली. ऊन उतरलं की लगोरी, सायकल. त्या वेळी लॅपटॉप कपाटात.

आता मुलाला ऑनलाइन खेळायचंय. अनोळखी माणसांशी चॅट नको म्हणून मी नाही म्हटलंय. त्याऐवजी शेजारचा मित्र त्याचा लॅपटॉप घेऊन येतो आणि घरच्या वाय-फायवर दोघं एकाच जगात खेळतात. तिथे दोघंही झोपल्याशिवाय रात्र सरत नाही, त्यामुळे दोन दिवस कसे घालवायचे यावर आधी त्यांची आपसात बोलणी होतात.