मत शेवटी आलं म्हणून लेख कापायचा?

मी वर्तमानपत्राच्या संपादकीय पानावर काम करते. त्या दिवशी शाळेतल्या मोबाइलबंदीवर दोन लेख शेजारीशेजारी लावायचे होते, एक अमेरिकन लेखकाचा, एक जपानी, दोन्ही अनुवाद होऊन आलेले. अमेरिकन लेखाचं पहिलं वाक्यच निकाल, बंदी हवीच, मग मी शिकवत होतो तेव्हा मी हे पाहिलं, मी ते पाहिलं, आणि शेवटी सरकारने काय करावं ते. जपानी लेखात मात्र निम्मा मजकूर संपेपर्यंत लेखक कुठल्या बाजूचा तेच कळत नाही. ट्रेनमध्ये फोनमध्ये मान घालून बसलेली मुलं, मग त्याच डब्यात तशीच बसलेली मोठी माणसं, मग लहानपणी सतत पुस्तकात डोकं म्हणून स्वतः खाल्लेली बोलणी, आणि अगदी शेवटी, मुलांचा फोन काढून घेताना आपल्या हातात काय असतं, असा प्रश्न.

पान लावणाऱ्या सहकाऱ्याने जागा नाही म्हणून तो शेवट वर घेतला आणि मधलं सगळं उडवलं. म्हणाला, "मॅडम, यात मत कुठंय? नुसतं कदाचित आणि वाटतं."

मी प्रिंट काढून त्याच्यासोबत बसले. ट्रेनमधली मुलं आणि मोठी माणसं यांच्यासाठी लेखकाने जवळजवळ सारखंच वाक्य वापरलंय ते दाखवलं. भूमिका तिथेच घेतली गेलीय, फक्त ती वाचकाच्या तोंडून वदवून घ्यायचीय, आणि मधलं कापलं की शेवटचा प्रश्न नुसता टोमणा उरतो. केन हायलंड या भाषाअभ्यासकाने 2005 साली लेखक आपली भूमिका कशी दाखवतो आणि वाचकाला कसं सामील करून घेतो याची मांडणी केली, मुळात शोधनिबंधांसाठी, पण आमच्या पानालाही ती चपखल बसते: मत सौम्य करणारे शब्द, ठासून सांगणारे शब्द, लेखकाचा 'मी', वाचकाला घातलेली साद, प्रश्न. सगळ्या भाषांत हे असतंच, पण कशाचं प्रमाण किती आणि काय कुठे यावं हे जिथेतिथे वेगळं. असाही शुंबुन या जपानी दैनिकाचा 'तेन्सेई जिंगो' हा पहिल्या पानावरचा स्तंभ तर 1904 पासूनचा आणि बिननावाचा, तरी लोक तो वहीत उतरवून काढतात. उलट एमिल झोला या फ्रेंच कादंबरीकाराने 1898 मध्ये राष्ट्राध्यक्षांना लिहिलेल्या जाहीर पत्राचा शेवट बघा, 'मी आरोप करतो' हेच पुन्हा पुन्हा, तिथे 'मी' काढला तर काय उरेल?

आणि प्रश्नचिन्ह आलं म्हणजे लेखक डळमळीत, हे तर मराठी माणसाने म्हणूच नये. 1897 मधला 'केसरी'चा अग्रलेख आठवा, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' यात शंका कुठे आहे!

शेवटी जपानी लेख अख्खा ठेवला. अमेरिकन लेखात एकच मुद्दा दोनदा आला होता, लेखकाला विचारून त्यातला एक परिच्छेद काढला. मथळ्यावरून वरिष्ठांशी बरीच वादावादी झाली, त्यांना दोन्हीकडे 'हवी', 'नको' असं हवं होतं, मी जपानी लेखावर तसला शिक्का मारू दिला नाही, पान उशिरा सुटलं.

नंतर पत्रं आली ती वाचताना मला फार आनंद झाला. अमेरिकन लेखावर लोक भांडले, बरोबर, चूक, पुरावा द्या. जपानी लेखावर बाजू घेणारे थोडेच, बहुतेकांनी आपल्या घरातलं लिहिलं, जेवताना कोणाचा फोन आधी वाजतो वगैरे. सहकाऱ्याने त्यातली पत्रं निवडून पुढच्या आठवड्यात लावली, एकही न कापता.