आर्लबर्गचा बर्फ

झुरिकहून निघालेली आमची ट्रेन आर्लबर्गच्या बोगद्यात शिरली तेव्हा बाहेर चांगलं उजाडलेलं होतं. १८८४ साली सुरू झालेला हा बोगदा १० किलोमीटरहून लांब आहे. पलीकडे ऑस्ट्रियातल्या सांक्ट आंटोन या स्कीइंगच्या गावी उतरलो तर समोरचे डोंगरच दिसेनात, इतका बर्फ कोसळत होता. पुढचे तीन दिवस तो थांबला नाही.

स्कीइंग दमवतं हे ऐकून होते, पण निम्मी दमणूक उतारावर पोचण्याआधीच होते. रोज सकाळी दोन मुलांच्या पायांत ते कडक बूट चढवायचे. मोजा एकच घालायचा, पातळ, आणि त्याला सुरकुती चालत नाही. उबेसाठी दोन घातले तर पाय आवळला जाऊन उलट जास्त गारठतो. थर्मलची कड बुटात राहिली तर दुपारपर्यंत नडगी सोलवटते. सगळे बकल लागले की धाकटीला शूला जायचं असायचं. पुन्हा पहिल्यापासून! मग खांद्यावर स्की घेऊन गुडघाभर बर्फातून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टपर्यंत चालायचं.

हानेस श्नायडर या स्कीइंगच्या शिक्षकाने शिकवण्याची आपली पद्धत याच गावात घडवली. आधी स्कीची पुढची टोकं जवळ आणून वेग आवरायचा, म्हणजे स्नोप्लाऊ, मग टप्प्याटप्प्याने वळणं. मुलं त्या स्नोप्लाऊला 'पिझ्झा' म्हणतात. पिस्टवर, म्हणजे मशीनने बर्फ दाबून केलेल्या वाटेवर, आमची दोघं त्यावर छान थांबायची. पण सकाळी दाबलेली पिस्ट तासा-दोन तासांत नव्या बर्फाखाली जायची, आणि खोल बर्फात पिझ्झा चालत नाही. स्की बर्फात रुततात, वळायला जावं तर मांड्या पेटतात.

तिसऱ्या दिवशी ढग आणि जमीन एकाच रंगाची झाली. उतार कुठे संपतो, खड्डा कुठे आहे, काहीच कळेना. धाकटी माझ्यासमोर पडली आणि तिची एक स्की बर्फात गडप झाली. मी खालच्या बाजूला शोधत बसले. एक वयस्कर गृहस्थ थांबले, वर चढले आणि काठीने बर्फ टोचू लागले. माणूस घसरत खाली येतो, स्की बहुतेक वेळा वरच राहते, असं त्यांनी समजावलं. वीसेक मिनिटांनी ती सापडली. तोवर पोरीचे हात गार पडून ती रडकुंडीला आली होती. मी तिचे पंजे माझ्या जॅकेटच्या आत, काखेत धरून उभी राहिले. त्या क्षणी मला ही सहल नकोशी झाली होती.

चौथ्या दिवशी हिमस्खलनाचा धोका ५ पैकी ४ वर गेला. पहाटेपासून स्फोटांचे आवाज येत होते. साचलेला बर्फ मुद्दाम पाडत होते. वरच्या लिफ्ट बंद, फ्लेक्सन खिंडीचा रस्ताही बंद. नवऱ्याला हळहळ वाटली, मला मात्र मनापासून हायसं वाटलं. ३० अंशांपुढच्या उतारावर एवढा बर्फ साठलेला असताना मुलांना घेऊन वर जाण्यात काय अर्थ आहे? आम्ही चौघं दुपारपर्यंत झोपलो.

पाचव्या दिवशी ऊन पडलं आणि डोंगर पहिल्यांदाच पूर्ण दिसले. आम्ही दाबलेली निळी, म्हणजे सोपी, पिस्टच धरली. धाकटी पुढे, मी मागे. मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं, हा स्कीइंगचा नियमच आहे. तिच्या एकेका वळणावरून वळताना मी सोनेरी उजेडातला तिचा पाठमोरा ठिपका डोळ्यांत साठवत होते.

परतीच्या ट्रेनमध्ये बोगदा संपायच्या आतच दोघंही झोपली. धाकटीच्या गळ्यात गॉगल तसाच होता.