तुम्ही विचारलंत म्हणून: वजीर दुसऱ्याच चालीत बाहेर का?

कुडाळ-कणकवलीकडच्या स्पर्धांत शेजारच्या पटावरचं पोर हटकून विचारतं, "काका, वजीर इतक्यात भायर कित्याक काढलात?" बरोबरच आहे. बुद्धिबळाच्या शिकवणीत सुरुवातीलाच सांगतात, वजीर लवकर काढू नका.

समोरच्याने राजापुढचं प्यादं ई-४ ला ढकललं की मी काळ्याकडून वजिरापुढचं प्यादं डी-५ ला ढकलतो (अक्षर म्हणजे पटावरचा उभा रकाना, आकडा म्हणजे आडवी ओळ). प्याद्याने प्यादं मारलं की वजिराने मारायचं. पांढरा घोडा सी-३ वर येऊन वजिराला हुसकतो, वजीर ए-५ ला जातो. एक चाल फुकट गेली, कबूल. हाच स्कँडिनेव्हियन बचाव.

डी-५ ऐवजी ई-५ केलं तर पुढे इटालियन, स्पॅनिश, स्कॉच, किंग्ज गँबिट अशा सुरुवाती, समोरच्याला हवी ती. हल्लीची मुलं मोबाईलवर सगळं घोकून येतात. मी रात्री दुकानाचं शटर ओढून, जेवून पट मांडणार कधी आणि वाचणार काय? डी-५ केलं की विषय मी ठरवतो.

पुढचं ठरलेलं: घोडा एफ-६, प्यादं सी-६, उंट एफ-५ ला, मगच ई-६. उंटाआधी ई-६ केलंत तर उंट आत कोंडला.

गेल्या श्रावणात पत्र्यावर पाऊस कोसळत होता, घड्याळाची टिकटिकही ऐकू येईना. समोर दहावीतला मुलगा. त्याचा उंट डी-२ वर होताच, त्याने सी-३ चा घोडा उचलून डी-५ वर आदळला. घोडा हलताच उंटाची वाट थेट माझ्या वजिरापर्यंत मोकळी! पोराने मान वळवून दाराकडे आईला शोधलं. मी वजीर गुपचूप डी-८ ला, घरी नेला. सी-७ चं प्यादं आधीच सी-६ ला सरकलेलं, म्हणून ती तिरकी वाट उघडी होती. मग एफ-६ वर घोड्याला घोडा गेला, वजिराने परत मारलं आणि डाव सुरळीत लागला. पुढे बरोबरी झाली.

बचाव हलका आहे असं कुणी म्हणालं की मी १९७९ सालच्या माँट्रियल स्पर्धेचं नाव काढतो. तिथे डेन्मार्कच्या लार्सनने याच बचावाने जगज्जेत्या कार्पोव्हला हरवलं. आनंदनेही १९९५ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कास्पारोव्हविरुद्ध हा खेळला. डाव हरला, पण सुरुवातीतून त्याची बाजू चांगलीच निघाली होती.

पांढऱ्याने डी-४ ने सुरुवात केली तर यातलं काही चालत नाही. तिथे मी स्लाव नावाचा दुसरा बचाव खेळतो. त्यातही सी-६ आहेच, त्यामुळे प्यादी ओळखीची वाटतात.